अठ्ठावीसचा समास

मित्रांनो, आधी शपथ घेते, मग सांगते. यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तर माझे मधोमध, बरोबर पंधराच्या खुणेवर, दोन तुकडे होवोत. बास, आता तरी विश्वास ठेवा.

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. तीस सेंटिमीटरची. अंगावर काळ्या खुणा, पोटावर शाईचे डाग, पाठीवर कुणीतरी कर्कटकानं कोरलेला बदाम. तो कुणी कोरला ते मला माहीत आहे, पण सांगणार नाही. तो माणूस आता पोलिसात मोठा साहेब आहे.

माझं झाड कार्पाथियनच्या डोंगरात होतं. बीचचं झाड. इतकं उंच की शेंड्यावर बसलेल्या कावळ्याला शेजारच्या देशात दुपारी काय शिजलंय ते दिसायचं, आणि तो संध्याकाळी खाली येऊन अस्वलाला सांगायचा. असू दे. झाड पाडलं, फळ्या झाल्या, फळ्यांच्या पट्ट्या झाल्या. माझ्या सोबत त्या दिवशी चार हजार पट्ट्या निघाल्या आणि त्यातल्या निम्म्या वाकड्या होत्या. मी सरळ होते. तेव्हापासून मला बाकी सगळ्यांचा संशय येतो.

विन्नित्साजवळच्या एका गावातल्या दुकानातून मला पानास नावाच्या सुतारानं विकत घेतलं, आपल्या सात वर्षांच्या स्तेफासाठी. सुतार तो, घेताना त्यानं मला डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून पाहिलं. पोरीला म्हणाला, "हिला जप. ही खोटं बोलत नाही." ते वाक्य त्या पोरीनं जन्मभर धरून ठेवलं. पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

शाळेत काम सोपं होतं. चौकटीची वही, लाल समास, दोन गृहपाठांच्या मध्ये चार चौकटी सोडायच्या. पाच नाही, तीन नाही, चार. चौकट अर्ध्या सेंटिमीटरची, सगळ्या देशात एकसारखी. तिथल्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, सांगेल. आठवीत गेल्यावर निबंधवजा माहितीपुस्तिका करायची असे, पाच पानांची. विषय होता, पाव कसा तयार होतो. बाईंनी मुखपृष्ठावरची गव्हाची ओंबी पाहिली, मी आखलेली दुहेरी चौकट पाहिली आणि पैकीच्या पैकी दिले. आत काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. तिच्या शेजारच्या मुलाची पुस्तिका त्याच्या आईनं लिहिली होती, हे मला अक्षरावरून लगेच कळलं. आठवीतला मुलगा 'खमीर फुलून येताच मन प्रसन्न होते' असं लिहीत नाही.

मग तंत्रशाळा. तिथे पाच पानांवर भागत नाही. पंचवीस पानांची गणितं, प्रत्येक पानाला चारी बाजूंनी चौकट, आणि शिवाय दोन मोठे आराखडे, टेबलाएवढ्या कागदावर. आराखडा स्वतः काढायचा असा नियम. आणि नियम म्हटला की पोरं त्याच्या मागच्या दारानं आलीच. दोन स्टुलांवर खिडकीची काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर गेल्या वर्षीच्या पोराचा आराखडा, त्यावर आपला कोरा कागद, आणि गिरवत सुटायचं. अख्ख्या वसतिगृहात एक काच होती आणि तिच्यासाठी नंबर लागायचे. स्तेफानं काचेला हात लावला नाही. तिनं सगळं स्वतः मोजून काढलं, आणि काळजीनं काढता काढता मला चावलं. हो, चावलं. डाव्या टोकाला. बीटच्या गड्ड्याला घूस लागावी तशी ती लागली होती मला. तोंडीच्या आदल्या दिवशी माझं टोक पार दातेरी झालं होतं.

ती घरी आली तेव्हा पानासनं मला हातात घेतलं, पॉलिश पेपर काढला आणि सावकाश, मायेनं माझं टोक घासून गुळगुळीत करून दिलं. वर थोडं जवसाचं तेल लावलं. असं कुणी मला पुन्हा कधी हाताळलं नाही. शून्याचा आकडा तेवढा पुसला गेला. पण शून्याकडे कोण बघतं?

तर मित्रांनो, आता स्तेफाची झाली स्तेफानिया पानासिव्ना, म्हणजे पानासची लेक, आणि आमचं खरं राज्य सुरू झालं. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत ती नियमतपासनीस म्हणून लागली. तुम्हाला वाटेल, हे काय पद आहे? तर ऐका. तिथे दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक शोधनिबंध द्यावा लागतो, कुर्सोवा म्हणतात त्याला. पस्तीस पानं, पंधरा संदर्भ, मार्गदर्शकाची सही. मग तो घेऊन यायचं आमच्याकडे. आम्ही आतलं बघत नाही. आम्ही समास बघतो. डावा तीस मिलिमीटर, उजवा दहा, वर वीस, खाली वीस. बरोबर असेल तर पानासिव्नाची सही. ती सही असेल तर तोंडी परीक्षा. तोंडी झाली तर सत्राच्या परीक्षेला बसायला परवानगी. सही नाही, तर काहीच नाही. नाव यादीतून गेलं, सरकारी जागा गेली, पिशवी भरा आणि गावी जा. शेवटच्या वर्षाच्या मोठ्या प्रबंधाचंही तेच, फक्त ऐंशी पानं आणि बाहेरचा एक परीक्षक. पुढे जे संशोधन करायला राहतात त्यांना म्हणे पानं किती असं कुणी विचारत नाही, नवीन काय ते विचारतात. त्यांच्या बायका ते टाइप करून देतात. मी पाहिलं नाही, पण मला संशय आहे.

आमच्या खोलीला प्लायवूडचं दार, बाहेर एक बाक, बाकावर कायम रांग. पानासिव्ना मला कागदाच्या डाव्या कडेला लावायची, बाकीचे समास नजरेनंच बघायची, आणि एक भुवई उचलायची. चूक असली की लाल पेन्सिलीनं पहिल्या पानावर फुली आणि दोन शब्द, 'समास चुकला'. किती चुकला, कुठे चुकला, ते कधी सांगायची नाही. म्हणायची, "ज्यानं स्वतः केलंय त्याला कळतं."

कारण तिचा संशय एकच होता, आणि तोच माझा. ट्रामच्या थांब्याजवळ एक झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे काउंटरखालून तयार निबंध मिळायचे. नाव बदलायचं, आणून द्यायचं. आणि तयार मालाचे समास कधी धड नसतात. आम्ही दोघींनी असे कितीतरी पकडले. एकदा तर एका पोराच्या निबंधात शेवटच्या पानावर तिसऱ्याच माणसाचे आभार होते. आणि एकदा विभागप्रमुखांच्या टकलावर बसलेली गांधीलमाशी मी एका फटक्यात मारली, त्यांना न लागू देता. ते जागे सुद्धा झाले नाहीत. ही गोष्ट इथे सांगायची गरज नव्हती, पण खरी आहे.

मला तेव्हा एकच गोष्ट विचित्र वाटायची. वर्षं गेली तसे समास बरोबर यायला लागले. अगदी बरोबर. नवीन पोरं दोन आठवड्यांत शिकायची. पानासिव्ना खूश. म्हणायची, शिस्त लागली. मला वाटायचं, इतकी शिस्त? या पोरांना? जेवणघरात काटे चोरणाऱ्या? काहीतरी काळंबेरं आहे. पण काय ते मला मेलीला कळेना. खरंच कळेना, शपथ घेतलीय मी.

तेविसाव्या वर्षी यारिना आली.

तिसऱ्या वर्षाची मुलगी, ल्विव्हहून मध्येच बदली घेऊन आलेली. आई आजारी, मावशीकडे पडून, म्हणून तिच्याजवळ. वसतिगृहात राहत नव्हती, शहराबाहेर मावशीकडे राहायची आणि पहिल्या ट्रामनं यायची. विषय होता, साखर करताना बीटच्या रसातून चुना कसा गाळतात. डोक्यावर हिरवी टोपी, बोटांना चुन्यानं पडलेल्या भेगा. सोमवारी तिनं निबंध टेबलावर ठेवला. पानासिव्नानं मला कडेला लावलं.

बत्तीस.

लाल फुली. समास चुकला.

मुलगी निबंध उचलून गेली. बाहेर बाकावर बसून पिशवीतून आपली प्लास्टिकची पट्टी काढून मोजत राहिली. बुधवारी परत आली. दुसऱ्या दुकानात छापून आणलं होतं, कागद जास्त पांढरा होता. मला लावलं. पुन्हा बत्तीस.

पानासिव्नानं चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता पोराचं काही खरं नाही.

"काय गं पोरी, हे तू लिहिलंस?"

"हो."

"हे आकडे कुठून आणलेस? पुस्तकात असले आकडे नसतात."

मुलीनं सांगितलं की आई साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती, दोन उन्हाळे आईसोबत तिथे काम केलंय, आकडे तिथले आहेत. पानासिव्नानं मान हलवली. पटल्यासारखी नाही, आणखी एक पुरावा मिळाल्यासारखी. निबंध जरुरीपेक्षा चांगला, समास बाहेरचा, मुलगी बाहेरची. मीसुद्धा टेबलावर पडल्या पडल्या ठरवून टाकलं, विकतचा आहे. पानासिव्ना म्हणाली, "शुक्रवारी बाराला यादी लागते. तोवर समास बरोबर आला नाही तर मी विभागप्रमुखांना लिहून देईन की हा निबंध तुझा नाही." आणि तिनं ते पत्र त्याच दुपारी लिहून ठेवलं. माझ्याच कडेनं तारखेखाली रेघ मारली.

गुरुवारी दाराबाहेरच्या बाकावर मला आवाज ऐकू आले. प्लायवूडचं दार म्हणजे काय, पडदाच. एक आवाज यारिनाचा. दुसरा ओस्तापचा, चौथ्या वर्षाचा लांबडा पोरगा, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया, बाकाखालचा कचरा त्याचाच.

तो म्हणत होता, "तुला कुणी सांगितलं नाही? अठ्ठावीस ठेव. मुकाट्यानं अठ्ठावीस ठेव आणि सही घे."

"नियमात तीस आहे."

"नियमात तीस. पानासिव्नाकडे अठ्ठावीस. मी चार वर्षं अठ्ठावीसच देतोय. माझ्या भावानं पण दिलं. सगळे देतात."

"का?"

बिया फोडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "का ते कोण विचारतं? बाई आहे तशी. कुणाला एक आवडतं, कुणाला दुसरं. तुला परीक्षेला बसायचंय की नाही?"

यारिना म्हणाली, "मी आज अठ्ठावीस दिलं तर ती म्हणणार, बघा, विकत आणलेलं होतं म्हणून आधी चुकत होतं. माझी आई अंथरुणात पडून विचारते, माझे आकडे चालले का म्हणून. मी तीस ठेवलंय. तीसच आहे."

"मग जा गावी बीट उपटायला," ओस्ताप म्हणाला, पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती.

मी ते ऐकलं आणि टेबलावर गार पडले. म्हणजे आमच्या पाठीमागे तेवीस वर्षं सगळी संस्था काहीतरी कुजबुजत होती.

शुक्रवार उजाडला. रांग जिन्यापर्यंत. यारिना सगळ्यात पुढे. हातात निबंध आणि एक पातळ हिरवी वही, शाळेतली, वर कुणा लहान मुलीचं नाव. तिच्या मावसबहिणीची होती. पानासिव्नाचा हात आधी पत्राकडे गेला. मग तिनं निबंध ओढला, मला लावलं. बत्तीस.

"झालं," पानासिव्ना म्हणाली.

"एकदा या वहीवर मोजा," यारिना म्हणाली. "मी हात लावत नाही. तुम्हीच मोजा. सहा चौकटी, म्हणजे तीस मिलिमीटर."

पानासिव्नानं वहीकडे अशी नजर टाकली जशी बाजारात कुणी म्हातारी कोंबडी तरुण म्हणून पुढे करतं. उलटीपालटी केली. मागचा छापखान्याचा शिक्का वाचला. पानं उजेडाकडे धरली. मग एक पान फाडून यारिनाच्या निबंधाच्या कडेवर ठेवलं आणि लाल पेन्सिलीच्या टोकानं चौकटी मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहावी चौकट जिथे संपली तिथेच पहिलं अक्षर सुरू होत होतं. केसाचाही फरक नाही.

मग तिनं मला त्या सहा चौकटींवर ठेवलं.

बत्तीस.

तिनं कपाटातून दुसरी वही काढली, स्वतःची, हिशेबाची. सहा चौकटी. बत्तीस. रांगेतल्या एका मुलीकडून तिसरी मागितली. बत्तीस. पानासिव्नानं मला उचललं, उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटला, अगदी बापासारखा, आणि अंगठा माझ्या डाव्या टोकावरून फिरवला. तिथे गुळगुळीत होतं. फार गुळगुळीत. कारखान्यातून निघालेलं लाकूड इतकं गुळगुळीत कधी नसतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल.

मग तिनं मान वर केली. "तुम्ही सगळे किती ठेवता?"

शेवटी ओस्ताप मागून म्हणाला, "अठ्ठावीस, पानासिव्ना."

"कुणी सांगितलं?"

"वरच्या वर्गानं."

"त्यांना?"

"त्यांच्या वरच्यांनी."

"तेवीस वर्षं," ती म्हणाली. "आणि मला एकानंही सांगितलं नाही."

ओस्तापनं बूट बघितले. मग म्हणाला, "तुम्हीच तर म्हणता. ज्यानं स्वतः केलंय त्याला कळतं."

पानासिव्नानं विभागप्रमुखांचं पत्र घेतलं, आधी दोन तुकडे केले, मग चार, आणि ओस्तापच्या हातात दिले, बियांची टरफलं टाकायला. मग निबंधाच्या शेवटच्या पानावर सही केली. पण निबंध परत दिला नाही. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. आणि समासाच्या आत, जिथे ती तेवीस वर्षांत कधी गेली नव्हती, तिथे वाचायला लागली. रांग उभी. घड्याळात साडेअकरा. सातव्या पानावर थांबली.

"हा चुना दोनदा का गाळला?"

यारिनानं सांगितलं. थंडीत बीट गोठतं, रस चिकट होतो, एकदा गाळून भागत नाही. आईनं शोधलं होतं ते, कारखान्यात तिनंच सुरू केलं. पानासिव्ना ऐकत राहिली. मग म्हणाली, "आईला सांग, चालले आकडे."

त्यानंतर रांगेतल्या प्रत्येकाचा निबंध तिनं यारिनाच्या प्लास्टिकच्या पट्टीनं मोजला. सगळ्यांचे अठ्ठावीस. म्हणजे नियमानं सगळ्यांचे चुकलेले. पोरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं सगळ्यांना सह्या दिल्या, बाराला पाच कमी असताना, आणि दारावर कागद चिकटवला: 'पुढच्या वर्षापासून तीस. शंका असल्यास विचारा.' 'विचारा'च्या खाली दोन रेघा होत्या. माझ्या कडेनं मारलेल्या नव्हत्या.

मला तिनं टाकून दिलं नाही. पण पुन्हा कागदाला लावलंही नाही. काही वर्षं खणात पडून होते, वाळलेल्या पेन्सिली आणि एका बटणाच्या शेजारी. मग ती निवृत्त झाली, आणि आता मी तिच्या खिडकीत आहे. टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून मातीत खोचलेली, डावं टोक खाली. रोप चिकट आहे आणि रोज थोडं थोडं वर चढतं. मी त्याला मोजते. ते कुणाला सांगत नाही. परवा यारिना आली होती, सोबत तिची लहान मुलगी. पोरीनं मला बघून विचारलं, ही पट्टी इथे का? पानासिव्ना म्हणाली, "ही माझ्या बाबांनी दिलेली. खूप चांगली आहे. फक्त हिच्यावर विश्वास ठेवायचा नाही." आणि माझ्यावरची धूळ पदरानं, नाही, तिथे पदर नसतो, एप्रनच्या टोकानं पुसली.

तर मित्रांनो, तुमच्याकडे एवढंच मागते. पट्ट्या चावू नका. आणि कुणी लाल फुली मारली तर नम्रपणे विचारा, किती चुकलं? आणि स्वतः मोजणारे झालात तर वर्षातून एकदा आपली पट्टी दुसऱ्याच्या वहीवर ठेवून बघा. आपलं टोक आपल्याला दिसत नाही.

आता जाता जाता एक. अस्वल खरं, कावळा खरा, गांधीलमाशी तर खरीच. एक गोष्ट मात्र मी मधेच जोडली. मला कळत नव्हतं असं जे म्हणाले ना, ते. लाकडाला आपलं टोक कुठे आहे ते कळतं. पॉलिश पेपर थांबला त्याच क्षणी मला कळलं होतं की मी दोन मिलिमीटरनं कमी झालेय. पण बापानं म्हटलं होतं ना, ही खोटं बोलत नाही. आणि रांग जिन्यापर्यंत असायची, माझ्यासाठी. मग कोण सांगतं?

ऐका, पंधराच्या खुणेपाशी काहीतरी करकरतंय. टोमॅटोची दोरी असेल. दोरीच असेल.